किपचाक कोण होते, कुठून आले आणि कुठे गेले?

इ.स. १२७५ मध्ये दिल्लीच्या तख्तावर घियासुद्दीन बल्बन होता. कैरोत सुलतान बैबर्सचं राज्य होतं. हंगेरीचा राजा लास्लो जेमतेम तेरा वर्षांचा असल्यामुळे तिथला कारभार त्याची आई एर्झेबेत पाहत होती. चीनमध्ये कुबलाई खानाच्या फौजेत तुतुघ नावाचा सरदार नाव कमावत होता. या चौघांनी एकमेकांना कधी पाहिलं नाही, पण चौघांची मुळं एकाच माणसांत आणि एकाच गवताळ पट्ट्यात होती. बल्बनचं कूळ इल्बरी आणि तुतुघचं ओल्बेर्ली. ही एकाच कुळाची दोन रूपं असल्याचं अनेक इतिहासकार मानतात. एकाच कुळातला एक माणूस दिल्लीचा सुलतान होतो आणि त्याच काळात दुसरा आजच्या बीजिंगमध्ये सम्राटाचा सेनानी होतो, हे मला आजही थक्क करतं.

ही माणसं म्हणजे किपचाक. शाळेत आपण 'गुलाम घराणं' शिकलो, इल्तुत्मिश, रझिया, बल्बन ही नावं पाठ केली. हे गुलाम आले कुठून आणि इतक्या लांबून इतक्या संख्येने विकायला का आले, हे मात्र पुस्तकात नव्हतं. त्या प्रश्नाचं उत्तर किपचाकांच्या स्थलांतरात आहे.

आधी नावांचा गुंता सोडवू, कारण बहुतेक वाचक तिथेच अडकतात. अरबी-फारसी लेखक त्यांना किपचाक म्हणत. रशियन बखरींत तेच पोलोवेत्स होतात, बायझंटाइन आणि लॅटिन कागदांत कुमान आणि हंगेरीत कुन. मुळात हे दोन-तीन वेगळे समूह असावेत. पूर्वेकडचे ते किपचाक आणि पश्चिमेला पुढे सरकलेले ते कुमान. बाराव्या शतकापर्यंत ते इतके मिसळले की बाहेरच्यांना त्यांच्यातला फरक कळेनासा झाला. या लेखात मी सोयीसाठी सगळ्यांना किपचाकच म्हणतो.

गुंत्याचं खरं कारण असं की किपचाकांनी स्वतःचा इतिहास लिहून ठेवला नाही. त्यांच्याविषयी जे माहीत आहे ते शेजाऱ्यांनी, शत्रूंनी, व्यापाऱ्यांनी आणि धर्मप्रसारकांनी लिहिलेलं आहे. त्यांचं एकसंध राज्यही कधी नव्हतं. राजधानी नाही, राजघराणं नाही, नाणी नाहीत. होत्या त्या टोळ्या, प्रत्येकीचा खान वेगळा. दोन खान एकत्र आले तर मोठी स्वारी व्हायची, भांडले तर प्रत्येकाची वाट वेगळी.

त्यांचा पहिला ठळक पत्ता मिळतो तो इर्तिश नदीच्या खोऱ्यात, म्हणजे आजचा ईशान्य कझाकस्तान आणि लगतचा पश्चिम सैबेरिया. नवव्या-दहाव्या शतकात तिथे किमेक नावाचा टोळीसंघ होता आणि किपचाक त्यातलाच एक घटक. गझनीच्या दरबाराशी जोडलेला इतिहासकार गर्देझी याने १०५० च्या आसपास किमेकांच्या उगमाची एक दंतकथा नोंदवली. तातारांचा एक धाकटा राजपुत्र भावाशी भांडून एका दासीसह पळतो आणि इर्तिशकाठी तंबू ठोकतो. पुढे सात जण मालकाची घोडी चारायला कुरण शोधत तिथे पोहोचतात. राजपुत्र शिकार करून त्यांना खाऊ-पिऊ घालतो. हिवाळा लागतो, बर्फ पडतं, परतीची वाट बंद होते. बर्फ वितळल्यावर एकाला मूळ तळावर पाठवतात, तर तिथे सगळं ओसाड. शत्रूने येऊन माणसं कापून काढलेली. जे डोंगरात लपून वाचले ते इर्तिशकडे येतात आणि हळूहळू सातशे माणसं जमतात. त्या सात जणांच्या नावांनी सात टोळ्या झाल्या. त्यांतली एक किपचाक.

कथा अक्षरशः खरी मानायचं कारण नाही. पण ती काय सांगते पाहा. एका वंशाचा एक पूर्वज, त्याची मुलं, त्यांची मुलं असा हा वंशवृक्ष मुळीच नाही. घर उजाड झालेली, वाटेत अडकलेली, वेगवेगळ्या तळांवरून आलेली माणसं एका नदीकाठी एकत्र येतात आणि त्यांची टोळी बनते. स्टेपीवर, म्हणजे या अफाट गवताळ मैदानावर, टोळ्या खरंच अशा बनत. 'किपचाक वंशाने नेमके कोण, तुर्क की मंगोल, गोरे की पिवळे' यावर इंटरनेटवर हिरिरीने वाद होतात, ते मला म्हणूनच चुकीच्या टोकाने सुरू झालेले वाटतात. भाषा तुर्की कुळातली, यात शंका नाही. माणसं मात्र सगळीकडून आलेली. काही लेखकांना ते सोनेरी केसांचे दिसले, पण थडग्यांतली हाडं आणि डीएनए पाहिले तर पूर्व आणि पश्चिम युरेशियाचं मिश्रण दिसतं. ओल्बेर्लींचे पूर्वज तर चिनी नोंदीनुसार मांचुरियाच्या बाजूने पश्चिमेकडे सरकले होते. नाव घेतलं, कुरण वाटून घेतलं, एकत्र लढले, सोयरीक केली की माणूस किपचाक होत असे.

मग ते इर्तिशवरून निघाले का? अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात स्टेपीवर पूर्वेकडून धक्क्यांची एक मालिका सुरू झाली. इराणवर राज्य करणाऱ्या सेल्जुक तुर्कांच्या दरबारातला वैद्य मर्वझी याने ती ११२० च्या सुमारास लिहून ठेवली. उत्तर चीनमध्ये खितानांचं बळकट राज्य उभं होतं. त्यांच्या खानाच्या भीतीने आणि चराऊ जमीन अपुरी पडल्याने कुन नावाची टोळी निघाली. तिच्या पाठीवर 'काय' नावाची दुसरी टोळी आली. कुनांनी सारींना हटवलं, सारी तुर्कमानांवर गेले, तुर्कमान ओघुझांवर आणि ओघुझ पेचेनेगांवर. गंमत म्हणजे एडेसाचा आर्मेनियन इतिहासकार मॅथ्यू हाही १०५०-५१ च्या हकिकतीत जवळपास हीच साखळी सांगतो. दोघांची भाषा वेगळी, धर्म वेगळा, तरी गोष्ट तीच, त्यामुळे तिच्यात तथ्य असणार. या धामधुमीत किमेकांचा संघ मोडला आणि त्यातले किपचाक वरचढ ठरले.

मागून धक्का होता तसं पुढून आकर्षणही होतं. पश्चिमेकडे जावं तशी स्टेपी जास्त हिरवी आणि हिवाळा जरा सौम्य. दक्षिणेला अरल समुद्राजवळच्या ख्वारझमची शहरं, पश्चिमेला रूस (कीव्हभोवतीची स्लाव्ह राजपुत्रांची राज्यं) आणि बायझंटियम. मेंढ्या, घोडे आणि कातडी विकायला आणि हिवाळ्यात धान्य मिळवायला भटक्या माणसाला शेजारी शेतकरी लागतोच. अकराव्या शतकाच्या अखेरीस इर्तिशपासून डॅन्यूबपर्यंतचा सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचा पट्टा फारसी लेखकांच्या 'दश्त-इ-किपचाक' या नावाला साजेसा झाला होता. आज त्यात कझाकस्तान, दक्षिण रशिया, युक्रेन, मोल्दोव्हा आणि रुमानियाचे भाग येतात.

रूसच्या बखरीत ते पहिल्यांदा दिसतात १०५५ मध्ये. बोलुश नावाचा खान पेरेयास्लाव्हलच्या राजपुत्राशी तह करून परत जातो. १०६१ मध्ये पहिली चढाई आणि १०६८ मध्ये अल्ता नदीवर रूसच्या तीन राजपुत्रांचा एकत्रित पराभव. १०९१ च्या एप्रिलमध्ये त्यांनी बायझंटाइन सम्राट अलेक्सिओस याच्या बाजूने लेव्हूनियनला पेचेनेगांचा असा धुव्वा उडवला की ते पुन्हा उभे राहिले नाहीत. १०९६ मध्ये बोन्याक खानाने कीव्हचा गुहांचा मठ जाळला.

रशियन शालेय इतिहासात बराच काळ ही फक्त लुटारूंची गोष्ट म्हणून सांगितली गेली. ती अर्धवट आहे. त्याच कीव्हच्या राजपुत्राने १०९४ मध्ये तुगोरकान खानाच्या मुलीशी लग्न केलं होतं. ज्याच्या नावाशी मॉस्कोची स्थापना जोडली जाते, त्या युरी दोल्गोरुकीचं लग्न बापाने ११०८ मध्ये किपचाक सरदार आएपाच्या मुलीशी लावून दिलं. ११८५ मध्ये राजपुत्र इगोर कोन्चाक खानाच्या हाती कैद झाला आणि पुढे इगोरच्या मुलाने कोन्चाकच्याच मुलीशी संसार थाटला. राजपुत्र आपसात लढत तेव्हा दोन्ही बाजूंना किपचाक स्वार भाड्याने मिळत. शेजाऱ्यांचं वैर आणि सोयरीक दोन्ही एकाच वेळी चालू होतं.

ते जगत कसे, याचं जवळून दर्शन रेगेन्सबर्गच्या पेताखियाने घडवलं. हा ज्यू प्रवासी ११७० च्या दशकात या मुलुखातून गेला. तो सांगतो की यांना राजा नाही, फक्त सरदार आणि खानदानी घराणी आहेत. यांच्याकडे नावा नाहीत. नदी आली की घोड्यांची दहा कातडी एकत्र शिवतात, कडेने चामड्याचा दोर ओवतात, त्यावर गाड्या, सामान आणि माणसं बसवतात, दोर पोहणाऱ्या घोड्यांच्या शेपट्यांना बांधतात आणि पलीकडे जातात. प्रवाशाला सुखरूप नेण्याची शपथ घ्यायची तर बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब त्याला चाटवतात. असा माणूस मग दगा देत नाही, असं पेताखिया लिहितो.

मेलेल्यांसाठी ते मोठा मातीचा उंचवटा रचत आणि वर पूर्वेकडे तोंड केलेली दगडी मूर्ती उभी करत. फ्रान्सिस्कन साधू विल्यम रुब्रुक याने १२५३ मध्ये त्या पाहिल्या. दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला पेला ही त्यांची खूण. पुरुषांच्या मूर्तींवर कमरेचा सुरा, बायकांच्या मूर्तींवर गळ्यातल्या माळा आणि टोप्या बारकाईने कोरलेल्या असतात. युक्रेनमधल्या द्निप्रो शहरात त्यांचा मोठा संग्रह आहे. इझ्यूमजवळच्या टेकडीवरच्या अशा मूर्तींना २०२२ च्या युद्धात तोफगोळ्यांनी इजा झाली. आठशे वर्षं उन्हापावसात उभे राहिलेले दगड असे फुटले, याचं वाईट वाटतं.

स्थलांतर दरवेळी हाकलल्यामुळेच होत असे, असंही नाही. जॉर्जियाचा राजा डेव्हिड चौथा याला ऐकणारी फौज हवी होती, कारण त्याचे सरदार मनमानी करत. त्याची राणी गुरांदुख्त ही अत्राक खानाची मुलगी. रूसचा राजपुत्र व्लादिमिर मोनोमाख याच्या मोहिमांनी अत्राक बेजार झालेला. १११८ मध्ये डेव्हिडने सासऱ्यालाच बोलावून घेतलं. आकडा सांगितला जातो चाळीस हजारांचा. पुढे हंगेरीतही हाच आकडा भेटतो, तेव्हा मध्ययुगीन 'चाळीस हजार' हे 'पुष्कळ' म्हणून वाचलेलं बरं. ११२१ मध्ये दिद्गोरीच्या लढाईत याच स्वारांच्या बळावर डेव्हिडने सेल्जुकांना हरवलं. रशियन बखर पुढे सांगते की मोनोमाख मेल्यावर अत्राकच्या भावाने एका गायकाला जॉर्जियात पाठवलं आणि बजावलं, तो ऐकत नसेल तर किपचाकांची गाणी गा, तरीही ऐकलं नाही तर स्टेपीतलं येवशान नावाचं गवत हुंगायला दे. वास येताच अत्राक रडला आणि म्हणाला, परक्या मुलखात नाव कमावण्यापेक्षा आपल्या मातीत मेलेलं बरं. कोन्चाक हा त्याचाच मुलगा. बरेच किपचाक मात्र जॉर्जियातच राहिले, ख्रिस्ती झाले आणि तिथल्या समाजात मिसळून गेले.

यानंतर आले मंगोल आणि सगळंच उधळलं गेलं. १२२२ मध्ये जेबे आणि सुबुताई हे चंगीझखानाचे सेनापती कॉकेशस ओलांडून उतरले, तेव्हा तिथले आलान लोक आणि किपचाक एकत्र त्यांच्यासमोर उभे होते. अरबी इतिहासकार इब्न अल-अथीर लिहितो की मंगोलांनी किपचाकांना निरोप धाडला: आपण एकाच जातीचे, आलान आपले कोण? सोबत कापडचोपड आणि माल पाठवला. किपचाकांनी आलानांची साथ सोडली. मंगोलांनी आधी आलानांना संपवलं, मग किपचाकांवर झडप घातली आणि दिलेल्याच्या कितीतरी पट वसूल केलं. कोत्यान खान गालिचला आपल्या जावयाकडे, राजपुत्र म्स्तिस्लावकडे धावला: आज त्यांनी आमची भूमी घेतली, उद्या तुमची घेतील. ३१ मे १२२३ रोजी काल्का नदीवर रूस आणि किपचाक यांची संयुक्त फौज मंगोलांपुढे कोसळली. १२३६ नंतरच्या मोठ्या स्वारीत बाचमान नावाच्या सरदाराने व्होल्गाकाठच्या जंगलातून मंगोलांना बराच काळ हैराण केलं. शेवटी चंगीझखानाचा नातू मोंग्के याने त्याला नदीतल्या बेटावर गाठून ठार केलं.

कोत्यान १२३९ मध्ये आपल्या लोकांसह हंगेरीत शिरला. राजा बेला चौथा याने आश्रय दिला, पण शेतं तुडवणारे कळप आणि परकी माणसं पाहून गावं चिडली. मंगोल सरहद्दीवर आले तेव्हा 'हे त्यांचेच हेर' अशी आवई उठली आणि १२४१ मध्ये पेश्तमध्ये कोत्यानला मारण्यात आलं. किपचाक चवताळले आणि लुटालूट करत बल्गेरियाकडे निघून गेले. ११ एप्रिलला मोहीच्या मैदानावर हंगेरीची फौज मंगोलांनी चिरडली, तेव्हा मंगोलांशी लढण्याचा अनुभव असलेले स्वार तिच्यात नव्हते. हंगेरीने स्वतःच्या हाताने केलेलं हे नुकसान फार मोठं होतं. बेलाला ते कळलं. त्याने उरलेल्यांना परत बोलावून ओसाड पडलेल्या मैदानी भागात वसवलं आणि युवराजाचं लग्न त्यांच्यातल्या एर्झेबेतशी लावून दिलं. सुरुवातीला आलेला बालराजा लास्लो तो हाच. हंगेरियन त्याला आजही 'कुन लास्लो' म्हणतात.

ज्यांना पळता आलं नाही ते बाजारात गेले. मंगोलांनी पकडलेली मुलं क्रिमियातल्या सुदाकसारख्या बंदरांत आणि दक्षिणेकडच्या बाजारांत विकली जाऊ लागली. दुष्काळात आईबापांनीच मुलं विकल्याच्याही नोंदी आहेत. पुरवठा वाढला, भाव पडले. इजिप्तचा सुलतान सालिह अय्यूब याने हे तरुण मोठ्या संख्येने विकत घेतले आणि नाईलमधल्या रौदा बेटावर त्यांना तालीम दिली. बैबर्स त्यांच्यातलाच. त्याच्या एका डोळ्यात पांढरा डाग होता म्हणून पहिल्या गिऱ्हाइकाने त्याला परत केलं, अशी नोंद आहे. पुढे सुलतान झालेल्या कलावूनसाठी मात्र हजार दिनार मोजले गेले. १२५० मध्ये या गुलाम सैनिकांनी इजिप्तची सत्ताच हातात घेतली आणि ३ सप्टेंबर १२६० रोजी पॅलेस्टाइनमधल्या ऐन जालूतला मंगोल फौजेचा पराभव केला. ज्यांची घरं मंगोलांनी जाळली, त्याच घरांतल्या मुलांनी हे केलं. दमास्कसचा इतिहासकार अबू शामा तेव्हाच म्हणाला होता की प्रत्येक गोष्टीचा काळ तिच्याच जातीत जन्मतो.

गुलाम सैनिकांच्या या मामलुक व्यवस्थेत बापाची जागा सहसा मुलाला मिळत नसे, सतत नवे गुलाम लागत. त्यामुळे कैरोचं सैन्य दीडशे वर्षं स्टेपीच्या बाजारावर अवलंबून राहिलं. अधिकाऱ्यांची भाषा किपचाक असल्याने अरबी विद्वानांनी तिचे कोश आणि व्याकरणं लिहिली. १३८२ नंतर कॉकेशसमधले चेर्केस गुलाम वरचढ झाले.

दिल्लीची गोष्ट याच साखळीतली. बल्बन मंगोलांच्या हाती सापडला, विकला गेला, बगदादमार्गे एका व्यापाऱ्याने त्याला हिंदुस्थानात आणलं आणि इल्तुत्मिशने खरेदी केलं. इल्तुत्मिशही इल्बरीच. १३३० च्या दशकात इब्न बतूता दश्त-इ-किपचाकमधून गेला तेव्हा तिथला घोडा पन्नास-साठ दिरहमांना मिळत होता. व्यापारी सहा-सहा हजारांचे कळप हिंदुस्थानकडे हाकत आणि इथे त्यांची किंमत कैक पट होई. त्या वैराणात झाड नाही, सरपण नाही, म्हणून मोठी माणसंसुद्धा वाळलेलं शेण अंगरख्याच्या ओच्यात गोळा करतात, असंही त्याने टिपून ठेवलं आहे.

स्टेपीवर मागे राहिलेल्यांचं काय झालं? तिथे सत्ता चंगीझच्या नातवाच्या घराण्याची, पण प्रजा बहुसंख्य किपचाक. दोन-तीन पिढ्यांत जेत्यांनीच प्रजेची भाषा उचलली. चौदाव्या शतकातला अल-उमरी स्पष्ट लिहितो की मंगोल किपचाकांमध्ये राहून, सोयरीक करून त्यांच्यासारखेच झाले.

ही भाषा बोलली कशी जायची हे आपल्याला ठाऊक आहे, कारण व्हेनिसच्या ग्रंथालयात एक हस्तलिखित जपलेलं आहे, कोडेक्स कुमानिकुस. पहिल्या भागात लॅटिन, फारसी आणि किपचाक शब्दांचे शेजारी शेजारी रकाने, व्यापाऱ्यांच्या उपयोगाचे. दुसऱ्या भागात धर्मप्रसारकांनी प्रार्थनांबरोबर कोडीही उतरवून घेतली. पांढऱ्या तंबूला तोंडच नाही, ते काय? अंडं. निळसर करडू बांधल्या जागी लठ्ठ होतं, ते काय? खरबूज. राजे आणि लढायांच्या गर्दीत मला ही कोडी सगळ्यात जवळची वाटतात. ती कुठल्या तरी आजीने नातवंडांना घातलेली असणार.

हंगेरीत ही भाषा अठराव्या शतकापर्यंत टिकली. कार्त्साग गावचा इश्त्वान वारो १७७० मध्ये वारला, तो तिचा शेवटचा जाणकार मानला जातो. किश्कुनशाग आणि नाग्यकुनशाग हे प्रदेश मात्र नकाशावर आहेत. ल्विव्ह आणि कामियानेत्स-पोदिल्स्की इथल्या आर्मेनियन वस्त्यांनी सोळाव्या-सतराव्या शतकांत आपल्या न्यायालयाची दप्तरं किपचाक भाषेत, पण आर्मेनियन लिपीत लिहिली. ते वंशाने किपचाक नव्हते. क्रिमियाकडून येताना ती भाषा त्यांच्या तोंडी बसली होती.

आज कझाक, किर्गिझ, तातार, बश्कीर, नोगाई, कुमिक, कराचाय-बाल्कर आणि काराकल्पाक या भाषा किपचाक शाखेत मोडतात. कझाकांच्या मध्य झुझ या मोठ्या टोळीगटात किपचाक नावाची टोळी आहे आणि उझबेक, किर्गिझ, बश्कीर यांच्यातही त्याच नावाची कुळं आहेत. कझाक घरांत मुलांना सात पिढ्यांची नावं पाठ करायला लावतात आणि त्या सात पिढ्यांच्या आत लग्न जुळवत नाहीत. सोयरीक ठरवताना तिथे आजही 'तुमची टोळी कोणती' हे विचारलं जातं.